गैरहजर विद्यार्थी : ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’मधील फसवणूक आणि क्षमा

काही कलाकृतींवर लोकांचे इतके प्रेम जडते की त्यांची चिकित्सा करणे हेच कृतघ्नपणाचे वाटू लागते. राजकुमार हिरानी यांचा ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ हा चित्रपट अशांपैकी एक. १९ डिसेंबर २००३ रोजी तो प्रदर्शित झाला. निकोप करमणूक करणारा लोकप्रिय चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी तमिळमध्ये ‘वसूलराजा एम.बी.बी.एस.’ व तेलुगूमध्ये ‘शंकरदादा एम.बी.बी.एस.’, आणि २००६ साली कन्नडमध्ये ‘उप्पीदादा एम.बी.बी.एस.’ अशी त्याची रूपांतरे झाली. घरात मराठी, कचेरीत कन्नड, गल्लीत दखनी आणि पूर्वेच्या शिवेवर तेलुगू अशा चार भाषांत ज्यांचा दिवस जातो, त्या आपल्या बिदर-कलबुर्गी पट्ट्यातील कुटुंबांपर्यंत ही एकच कथा तीन भाषांतून येऊन पोचली. चित्रपटगृहात ज्यांनी पाहिली नाही त्यांनी ती दूरचित्रवाणीवर पाहिली, आणि एकदाच पाहून थांबलेले लोक थोडेच असतील.

प्रस्तुत लेखाचा हेतू या चित्रपटाची लोकप्रियता नाकारण्याचा नाही. ती योग्यच आहे. मात्र एक प्रश्न विचारणे आवश्यक वाटते. ही कथा एका फसवणुकीने सुरू होते आणि क्षमेत संपते. ही क्षमा कोण करतो, कोणाला करतो, आणि ती करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

कथा वाचकांना परिचित आहे, म्हणून आवश्यक तेवढीच सांगतो. मुरलीप्रसाद शर्मा ऊर्फ मुन्ना हा मुंबईतला दादा. गावी असलेल्या आईवडिलांना त्याने आपण डॉक्टर असल्याचे भासवले आहे. ते मुंबईस येतात तेव्हा तो आपल्या अड्ड्यालाच वडिलांच्या नावाचे धर्मादाय रुग्णालय बनवतो. डॉ. अस्थाना यांच्यामुळे हे बिंग फुटते, वडिलांचा अपमान होतो, आणि त्या अपमानाचे परिमार्जन म्हणून मुन्ना खरोखरच वैद्यकीय महाविद्यालयात शिरण्याचे ठरवतो. प्रवेशपरीक्षा तो स्वतःच्या बुद्धीने देत नाही. डॉ. रुस्तम पावरी या हुशार डॉक्टराला धाक घालून, त्यांच्या विद्वत्तेच्या जोरावर तो उत्तीर्ण होतो. महाविद्यालयाचे अधिष्ठाता तेच अस्थाना असतात. पुढे मुन्ना आपल्या मायेने रुग्णालयाचे वातावरण पालटून टाकतो, अस्थाना त्याला बाहेर काढू पाहतात, शेवटी तो स्वतःच निघून जातो. त्याच्या पश्चात, वर्षानुवर्षे निश्चेष्ट पडलेला आनंद नावाचा रुग्ण जागा होतो आणि अधिष्ठात्यांचे डोळे उघडतात.

या चित्रपटाचे बलस्थान करुणेत आहे आणि ते सामान्य नाही. पहिल्याच व्याख्यानात मुन्ना विचारतो की, मरणाच्या दारात असलेल्या रोग्याला दाखल करतानाही आधी फॉर्म भरणे जरुरीचे आहे काय. हा प्रश्न ऐकून ज्याला आपल्या घरातला एखादा प्रसंग आठवला नाही असा प्रेक्षक विरळा. रात्रीबेरात्री रोग्याला घेऊन सोलापूर, लातूर किंवा हैदराबाद गाठावे लागलेल्या आपल्या भागातील माणसांना खिडकीपुढे उभे राहणे म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. फरशी पुसणाऱ्या मकसूदला मुन्ना मिठी मारतो, त्या क्षणी त्या वृद्धाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते आपल्या समाजाने सफाई करणाऱ्या माणसाकडे कसे पाहिले आहे त्याचा जणू हिशेबच मांडते. जगण्यातला रस हरवून बसलेले रुस्तमचे वडील कॅरमच्या सोंगटीने पुन्हा हसू लागतात. आनंदच्या चाकांच्या खुर्चीशी मुन्ना बोलत राहतो, कारण कोणी ऐकत नाही असे गृहीत धरणे त्याला मान्य नसते. ‘जादूची झप्पी’ हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी बसला तो उगाच नव्हे.

परंतु करुणेची ही बाजू जितकी प्रभावी, तितकीच तिच्याआडून होणारी न्यायनिवाड्याची मांडणी चतुर आहे. लेखक-दिग्दर्शकाने तराजूत दोनच माणसे बसवली आहेत. एका पारड्यात ज्ञान नसलेला पण हृदय असलेला मुन्ना. दुसऱ्यात ज्ञान असलेले पण हृदय सुकलेले अस्थाना. एवढेच पर्याय समोर असतील तर कोणाचेही मन मुन्नाकडे झुकणार. वास्तविक अस्थाना यांचे म्हणणे नीट ऐकले तर त्यात वावगे फारसे नाही. शेकडो शस्त्रक्रिया स्थिर हाताने करणारा आपला हात पोटच्या मुलीवर शस्त्रक्रिया करताना कापेल, म्हणून डॉक्टराने रोग्यात भावनेने गुंतू नये, असे ते विद्यार्थ्यांना सांगतात. कोणताही अनुभवी शल्यविशारद हे विधान सहसा खोडणार नाही. शिवाय हा विद्यार्थी लबाडीने आत आला आहे हा त्यांचा संशय तर अक्षरशः खरा आहे. सबंध चित्रपटात मुन्नाविषयीचे ते एक सत्य तेच ठामपणे बोलतात. मात्र राग आला की हसण्याचा व्यायाम करणाऱ्या, पूर्वीच्या अपमानाचा आकस धरणाऱ्या, दुसऱ्याच्या बापाला हिणवणाऱ्या माणसाच्या तोंडी ते सत्य घातलेले असल्यामुळे प्रेक्षकाला ते सत्य न वाटता सूड वाटते. बोलणारा नावडता झाला की बोलणेही नावडते होते, हा आपल्या सर्वांचा स्वभाव. चित्रपटाने त्या स्वभावाचा पुरेपूर उपयोग करून घेतला आहे.

आता फसवले गेलेले कोण कोण आहेत ते पाहू. आईवडील फसवले गेले; ते अखेरीस मुलाला पोटाशी धरतात. रुस्तमवर जबरदस्ती झाली. वडील बरे झाल्याने तो कृतज्ञ होतो. डॉ. सुमनला मुन्नाचे खरे रूप ठाऊकच असते, आणि लहानपणची ‘चिंकी’ आपणच आहोत हे लपवून ती त्याला उलट फसवण्याचा खेळ खेळते. अस्थाना फसवले जातात आणि शेवटी पस्तावतात. अशा रीतीने पडद्यावरची प्रत्येक फसवलेली व्यक्ती मुन्नाला क्षमा करते. चित्रपट संपताना हिशेब पूर्ण झाल्याचे समाधान मिळते ते त्यामुळे.

पण या हिशेबात एक नाव धरलेलेच नाही. वैद्यकीय महाविद्यालयातील जागा मोजक्या असतात. गुणवत्ता यादीत एक नाव खोटेपणाने वर चढले की यादीच्या तळाचे एक नाव रेषेखाली जाते. मुन्ना ज्या जागेवर बसला ती जागा कोणाची होती? तो मुलगा होता की मुलगी? कोणत्या गावचा? बापाने शेत गहाण टाकून त्याला शिकवणीला ठेवले होते काय? निकालाच्या दिवशी फलकावर बोट फिरवीत तो कितव्यांदा आपले नाव शोधत होता? चित्रपटाने या विद्यार्थ्याला नाव दिलेले नाही, चेहरा दिलेला नाही, अर्ध्या मिनिटाचे दृश्यही दिलेले नाही. देता येणे शक्यही नव्हते. तो मुलगा एकदा जरी पडद्यावर येऊन उभा राहिला असता तरी पुढचा सारा विनोद घशात अडकला असता. मुन्नाच्या निरागसतेची इमारत या एका माणसाच्या गैरहजेरीवर उभी आहे.

येथे कोणी म्हणेल, ही प्रहसनाच्या अंगाने जाणारी बोधकथा आहे. तिला प्रवेशयादीचा हिशेब काय विचारता? कृष्णाने लोणी चोरले तेव्हा गौळणीच्या घरचा जमाखर्च कोणी मांडला नाही. हा आक्षेप रास्त आहे आणि चित्रपट केवळ हसवण्यावर थांबला असता तर मी तो मान्यही केला असता. सर्किटने अभ्यासाला ‘बॉडी’ हवी म्हणून जिताजागता परदेशी पाहुणाच उचलून आणावा, या प्रसंगाचा जाब कोणी विचारत नाही, कारण तो प्रसंग आपल्याला काही शिकवू पाहत नाही. परंतु हा चित्रपट शिकवू पाहतो. सुमनच्या शेवटच्या भाषणात तो उघडपणे सांगतो की मुन्नाला बाहेर काढणे म्हणजे आशा, माया आणि आनंद यांनाच बाहेर काढणे होय. जी कृती नीतीचा निवाडा देते तिला त्या निवाड्यातले साक्षीपुरावे विचारणे हा समीक्षेचा अधिकारच नव्हे, कर्तव्य आहे.

चित्रपटाला स्वतःलाही एक अस्वस्थता आहे, हे मान्य केले पाहिजे. झहीर या कर्करोगाने खंगलेल्या तरुणाचा प्रसंग या दृष्टीने सर्वांत मोलाचा. मरणाच्या भीतीने कासावीस झालेला झहीर मुन्नाला वाचव म्हणतो, आणि मुन्नाजवळ मिठीखेरीज देण्यासारखे काही नसते. झहीर त्याच्या हातात प्राण सोडतो. या ठिकाणी क्षणभर असे वाटते की चित्रपट आता खरा प्रश्न विचारणार: मायेने रोगी शांत होतो, पण बरा होण्यासाठी विद्या लागते, आणि ती विद्या मुन्नाने चोरवाटेने टाळली आहे. मुन्ना खचतो आणि महाविद्यालय सोडतो, तो पदवीवाचूनच. परंतु लेखकांनी रोगी असा निवडला आहे की ज्याला विद्वान डॉक्टरही वाचवू शकले नसते. त्यामुळे झहीरच्या मृत्यूची जबाबदारी मुन्नाच्या अज्ञानावर न येता नियतीवर जाते, आणि आपले अश्रू पुन्हा त्याच्याच बाजूने वाहतात. साध्या निदानाने जो वाचला असता असा एखादा रोगी, औषधाच्या मात्रेतील एखादी चूक, अशी कसोटी मुन्नाची झालीच नाही. ज्या परीक्षेला तो बसला नाही तीच परीक्षा पटकथेनेही चुकवली.

हा दोष केवळ विनोदाच्या गरजेपोटी आला असे म्हणावे, तर मराठी रंगभूमीवरचे एक उदाहरण आडवे येते. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ हे नाटक १९६२ साली रंगभूमीवर आले. माधव काझी या भामट्याच्या प्रत्यक्ष खटल्यावर ते आधारलेले होते. आपल्यासारख्याच दुसऱ्या सीमाभागातला, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे हा त्याचा नायक म्हणावा की खलनायक, असा संभ्रम पडावा इतका तो रंगतदार आहे. प्रभाकर पणशीकरांनी पाच रूपे घेऊन त्याला अजरामर केले. फिरत्या रंगमंचावर लखोबाची नवी सोंगे पाहताना प्रेक्षक हसून लोटपोट होत. कोर्टातली त्याची हजरजबाबी उत्तरे मुन्नाच्या टपोरी संवादांइतकीच टाळ्या घेत. तरीही नाटक पाहून बाहेर पडणारा कोणी लखोबाला माफ करावे असे म्हणत नसे. याचे कारण नाटकाच्या रचनेत आहे. अत्र्यांनी घटनास्थळ म्हणून न्यायालय निवडले, आणि फसवल्या गेलेल्या बायका व त्यांची माणसे एकामागून एक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणून उभी केली. लखोबाच्या प्रत्येक विनोदामागून एका उद्ध्वस्त संसाराचा चेहरा येतो. हसता हसता आपल्याला त्या चेहऱ्याकडे पाहावे लागते. विनोद आणि न्याय एकाच रंगमंचावर नांदू शकतात, मात्र ज्याचे नुकसान झाले त्याला रंगमंचावर जागा दिली पाहिजे.

फसवणूक झालेला माणूस समोर बसला असला म्हणजे निवाडा किती अवघड होतो, याचे दुसरे उदाहरण वैद्यकीय कथानकातूनच देता येईल. ‘हाउस’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका २००४ ते २०१२ या काळात चालली. माणसे खोटे बोलतातच, हे गृहीत धरून निदान करणारा एक तिरसट डॉक्टर हा तिचा नायक. पहिल्याच हंगामात, डिसेंबर २००४ मध्ये दाखवल्या गेलेल्या ‘फिडेलिटी’ म्हणजे ‘एकनिष्ठा’ या भागात एक विवाहित स्त्री दिवसेंदिवस झोपेतून उठत नाही म्हणून रुग्णालयात येते. सारे तर्क संपल्यावर निदान होते ते आफ्रिकेतील निद्रारोगाचे. हा रोग त्सेत्से माशीच्या चाव्याने होतो. पण पतिपत्नींपैकी कोणीच आफ्रिकेत गेलेले नाही. मग एकच दुर्मीळ वाट उरते: शरीरसंबंधातून झालेली लागण. म्हणजे दोघांपैकी एकाने दुसऱ्याशी प्रतारणा केलेली असली पाहिजे. दोघेही ती नाकारतात. यावर जे औषध द्यायचे त्यात आर्सेनिक असते आणि त्याने काही रोगी दगावतातही. पत्नी बेशुद्ध असल्याने संमती पतीने द्यायची. संमती देणे म्हणजे पत्नी व्यभिचारी असल्याचे मान्य करणे. आणि औषधाने ती बरी झाली तर तोच तिच्या अपराधाचा पुरावा. पत्नीच्या जिवासाठी प्रार्थना करावी की तिच्या चारित्र्यासाठी, अशा कात्रीत तो नवरा सापडतो. अखेर ती बरी होते आणि तो निघून जातो.

या भागातील डॉक्टर कोणालाही नैतिक प्रमाणपत्र देत नाही. त्याला रोग बरा करायचा आहे. पण प्रेक्षकाला मात्र त्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरून नजर हटवता येत नाही. पत्नी दुष्ट नाही, तिच्यावर आपला रागही जडत नाही. तरीही ‘जाऊ दे, झाले गेले विसरून जा’ असे त्या माणसाला सांगण्याचे धैर्य आपल्याला होत नाही. मुन्नाला आपण मोकळ्या मनाने क्षमा करतो आणि येथे ती करता येत नाही, याचे कारण मुन्नाचा अपराध लहान आणि या स्त्रीचा मोठा, असे नाही. तिचा अपराध दोन माणसांपुरता होता; मुन्नाचा एका अनोळखी मुलाच्या सबंध आयुष्याशी निगडित होता. फरक इतकाच की तो नवरा खाटेशेजारी बसला आहे आणि तो मुलगा कोठेच नाही. अपराध तोलताना आपण त्याचे वजन पाहत नाही, दुखावलेला माणूस दिसतो की नाही एवढेच पाहतो.

हिरानी यांना हा प्रश्न अगदीच जाणवला नसेल असे म्हणता येत नाही. २००६ सालच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’त तोच मुन्ना इतिहासाचा प्राध्यापक असल्याची बतावणी करतो, प्राध्यापकांना कोंडून त्यांच्याकडून प्रश्नमंजूषेची उत्तरे काढतो. परंतु या वेळी गांधीजी त्याच्या समोर उभे राहतात आणि त्याला जान्हवीपुढे सत्य कबूल करावयास लावतात. मिठीने भागत नाही, कबुली द्यावी लागते. २००९ सालच्या ‘थ्री इडियट्स’मध्ये मित्र राजूसाठी प्रश्नपत्रिका चोरतात, पण राजू ती नाकारतो. पहिल्या चित्रपटात जी लबाडी विनोदाचा पाया होती, ती पुढे पुढे पात्रांनाच बोचू लागते. हा प्रवास दखल घेण्याजोगा आहे. तरी कबुली होते ती प्रेयसीपुढे, चोरीचा त्याग होतो तो स्वतःच्या विवेकापुढे. रेषेखाली गेलेला तो विद्यार्थी तिन्ही चित्रपटांत गैरहजरच राहिला.

हे सारे आपण का बोलावे? कारण तो गैरहजर विद्यार्थी आपल्या भागात प्रत्यक्ष राहतो. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी कर्नाटकात पोलीस उपनिरीक्षकांच्या ५४५ जागांसाठी परीक्षा झाली. पन्नास हजारांहून अधिक उमेदवार तिला बसले. पुढे एप्रिल २०२२ मध्ये गुन्हे अन्वेषण विभागाने तपास हाती घेतला तेव्हा उत्तरपत्रिकांतील फेरफाराचा पहिला धागा कलबुर्गीतल्याच एका केंद्रात सापडला. त्याच महिन्यात सरकारने परीक्षा रद्द केली आणि फेरपरीक्षा झाली ती २३ जानेवारी २०२४ रोजी. मधल्या काळात प्रामाणिकपणे निवडले गेलेले उमेदवार, आमचा काय दोष म्हणून न्यायालयात गेले. आणि न निवडले गेलेले, आमची जागा कोणी घेतली म्हणून रस्त्यावर आले. दोघेही खरे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसऱ्या एका सरकारी भरतीच्या परीक्षेत कलबुर्गी व यादगीर येथे ब्ल्यूटूथच्या साहाय्याने उत्तरे पुरवल्याचे प्रकरण निघाले. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचे प्रकरण देशभर गाजले, तेव्हा तपासाचे धागे आपल्या शेजारच्या लातुरापर्यंत आले. पेपर काही ठिकाणी फुटला हे सर्वोच्च न्यायालयापुढे निर्विवाद ठरले. मात्र फुटीची व्याप्ती देशव्यापी असल्याचे सिद्ध न झाल्याने न्यायालयाने २३ जुलै २०२४ रोजी फेरपरीक्षेची मागणी फेटाळली. जी गोष्ट पडद्यावर पाहून आपण टाळ्या वाजवल्या, ती येथे फिर्याद आणि आरोपपत्रांच्या भाषेत लिहिली गेली.

आपल्यासारख्या कुटुंबांना या गोष्टीचे मोल इतरांहून काहीसे अधिक आहे. १९५६ साली बिदर जिल्ह्याचे तीन राज्यांत वाटप झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा पश्चिमेकडे गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. तेव्हापासून आपण येथे आहोत, ते संख्येने थोडे, सत्तेपासून दूर, आणि मातृभाषेहून निराळ्या भाषेच्या राज्यात. ओळखीपाळखीने कामे होणाऱ्या कचेऱ्यांत आपला क्रम सहसा मागचा. घटनेच्या अनुच्छेद ३७१ (जे) अन्वये या भागातील शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा स्थानिकांसाठी राखीव झाल्या, आणि बिदर-कलबुर्गीतल्या वैद्यकीय महाविद्यालयांची दारे आपल्याही मुलांना थोडी अधिक उघडली. त्या दारातून आत जाण्याची वाट परीक्षेचीच आहे. उत्तरपत्रिका तपासणारा घरची भाषा विचारत नाही, आडनावावरून कपाळाला आठी घालत नाही. ज्याच्यामागे ना संख्येचे बळ ना वशिल्याचे, त्याला परीक्षेचा प्रामाणिकपणा हीच काय ती वतनदारी. ती कोणी हसत खेळत लुटली आणि वर त्याला मोठ्या मनाचा म्हटले, तर त्या हसण्यात आपण किती सहभागी व्हावे, याचा विचार प्रत्येकाने करावा.

करुणा आणि न्याय यांचे वैर असते असे ‘मुन्नाभाई’ने नकळत सुचवले आहे. आपल्या भूमीतली एक जुनी कथा याच्या नेमकी उलट सांगते. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, मारय्या आणि लक्कम्मा हे जोडपे राहत होते. महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचणे हे मारय्यांचे कायक; म्हणून त्यांना ‘आयदक्की’ म्हणजे वेचलेल्या तांदळाचे असे विशेषण लागले. एके दिवशी मारय्या रोजच्याहून जास्त तांदूळ घेऊन घरी आले. ते त्यांनी चोरले नव्हते, कोणी मनाई केली नव्हती, शिवाय घरी जंगमांना जेवू घालायचे होते, म्हणजे हेतूही चांगलाच. तरी लक्कम्माने ते रांधले नाहीत. रोजच्या गरजेहून अधिक आहे ते जेथून आणले तेथेच ठेवून या, असे तिने नवऱ्याला सांगितले. लक्कम्माला न दिसणारा माणूस दिसला होता, असा या कथेचा अर्थ मी लावतो. आपल्या सुपात आलेला जास्तीचा दाणा दुसऱ्या कोणाच्या तरी सुपातला आहे, तो दुसरा कोण हे ठाऊक नसले तरी. दासोहासाठी ज्यांचे घर ओळखले जाई, त्या घरातली करुणा हिशेबात इतकी चोख होती.

मुन्नाभाईचा चित्रपट पुन्हा लागला तर आपण तो पाहू आणि मकसूदच्या प्रसंगाला पुन्हा गहिवरू. गहिवरावेच. फॉर्म आधी की रोगी आधी, हा त्याचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे आणि तो विचारल्याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत. परंतु शेवटी सारे जण मुन्नाला पोटाशी धरतात, त्या वेळी त्या गर्दीत एक मुलगा नाही याची आठवण ठेवावी. मुन्नाला क्षमा करण्याचा पहिला अधिकार त्याचा होता. त्याने ती केलीही असती कदाचित. पण त्याला कोणी विचारले नाही.